तारीख नको, दिवसांचा हिशेब द्या!

दरवर्षी ६ डिसेंबर आणि १४ एप्रिल जवळ आला की आंबेडकरी जनतेच्या हातावर एक तारीख ठेवली जाते. इंदू मिलच्या जागेवरील परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक अमुक दिवशी पूर्ण होणार! जानेवारी २०२० मध्ये १४ एप्रिल २०२२ ही तारीख सांगितली गेली. ती गेली. मग मार्च २०२४ सांगितला गेला. तोही गेला. त्यानंतर २०२६ चा वायदा आला. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले होते. त्या दिवसाला ११ ऑक्टोबर २०२५ रोजी १० वर्षे पूर्ण झाली, तेव्हाही स्मारक पूर्ण झालेले नव्हते. पुतळ्याचे शिल्पकार राम सुतार डिसेंबर २०२५ मध्ये वयाच्या १०० व्या वर्षी गेले. आपल्या हातची मूर्ती त्या जागेवर उभी राहिलेली त्यांना पाहता आली नाही. ६ डिसेंबर २०११ रोजी आनंदराज आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली जे कार्यकर्ते मिलच्या आवारात घुसले, त्यांच्यातलेही किती तरी जण आज आपल्यात नाहीत.

यावर आपली प्रतिक्रिया काय असते? संताप, निवेदन, धरणे आणि मग पुढची तारीख. सत्ताधारी बदलले, तारीख देणारे तोंड बदलले. आम्हाला आज नवी तारीख मागायची नाही. एक कायद्याचा आणि अभियांत्रिकीचा साधा प्रश्न विचारायचा आहे. हा जो उशीर झाला, त्यातले किती दिवस कोणाच्या खात्यावर आहेत? आणि त्या दिवसांचे पैसे कोण कोणाला देणार आहे?

उशिराचे मोजमाप होते

बांधकामाच्या जगात उशीर ही हळहळण्याची गोष्ट नसते, मोजण्याची गोष्ट असते. मोठ्या कामाचा करार होतो तेव्हा कंत्राटदाराने कामाचा कार्यक्रम द्यायचा असतो. पाया कधी, खांब कधी, स्लॅब कधी, कोणत्या कामानंतर कोणते काम, हे त्यात तारखेनिशी लिहिलेले असते. या सगळ्या कामांत एक साखळी अशी असते की तिच्यातली एक कडी दहा दिवस मागे पडली, तर अख्खे काम दहा दिवस मागे पडते. अभियंते तिला क्रिटिकल पाथ म्हणतात. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. वाहनतळाची फरशी महिनाभर उशिरा बसली म्हणून पुतळा थांबत नाही. म्हणून कोणी उशिराचे कारण सांगितले की जाणकार माणूस आधी विचारतो, ‘हे कारण त्या साखळीवर आहे की साखळीबाहेर?’

दुसरा प्रश्न दोष कोणाचा हा असतो. जागा वेळेवर दिली नाही, नकाशे वेळेवर दिले नाहीत, मध्येच काम बदलले, तर दोष मालकाचा, म्हणजे इथे शासनाचा. मग कंत्राटदाराला मुदतवाढ मिळते आणि थांबून राहिल्याचा खर्चही मागता येतो. माणसे कमी लावली, साहित्य आणले नाही, केलेले काम नापास झाले, तर दोष कंत्राटदाराचा. मग त्याला दंड. महापूर, महामारी असे दोघांच्याही हाताबाहेरचे कारण असेल, तर बहुतेक करारांत मुदत वाढते, पैसे मिळत नाहीत. आणि एकाच वेळी दोघांचाही दोष असेल तर? इंग्लंडच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेने २००२ साली यासाठी मार्गदर्शक नियम काढले आणि २०१७ साली ते सुधारले. त्यांचे सार असे की, अशा काळासाठी कंत्राटदाराला मुदत मिळावी, पण त्याच्या स्वतःच्या दोषाने जो खर्च झालाच असता तो त्याला मिळू नये. हे नियम आपल्याकडे कायदा नाहीत. पण लवादापुढे दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ याच भाषेत बोलतात.

स्मारकाच्या बाबतीत ही मोजपट्टी लावून पाहू.

पहिला तुकडा जमिनीचा

इंदू मिल क्रमांक ६ ची सुमारे १२ एकर जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. डिसेंबर २०१२ मध्ये ती स्मारकासाठी देण्याची घोषणा संसदेत झाली. एप्रिल २०१५ मध्ये करार झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये भूमिपूजन झाले. जमिनीच्या हस्तांतरणाची कागदपत्रे मात्र राज्य शासनाच्या हातात पडली मार्च २०१७ मध्ये! म्हणजे नारळ आधी फुटला आणि जमीन १७ महिन्यांनी आली. आमच्यापैकी कोणी दुसऱ्याच्या नावावरच्या प्लॉटवर घराचे भूमिपूजन करतो काय? हे १७ महिने कोणत्याही कंत्राटदाराच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. ते शासनाच्या खात्यावरचे आहेत. केंद्राचे किती आणि राज्याचे किती, ते त्यांनी आपसात ठरवावे.

दुसरा तुकडा उंचीचा

२०१८ साली काम कंत्राटदाराकडे गेले. त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुतळ्याची उंची २५० फुटांवरून ३५० फूट केली. १०० फुटांचा चौथरा धरून एकूण उंची ४५० फूट. खर्च सुमारे ७६३ कोटींवरून सुमारे १,०९० कोटींवर गेला. म्हणजे ३२७ कोटींची वाढ.

‘उंची वाढवली म्हणून उशीर झाला’ हे कारण आपण गेली काही वर्षे ऐकतो. ते खोटे नाही. साधे गणित करून पाहा. ३५० भागिले २५० म्हणजे १.४. पुतळ्याचा आकार त्याच प्रमाणात वाढवला तर उंची १.४ पट होते. रुंदीही १.४ पट होते, म्हणून वारा अडवणारा पृष्ठभाग १.९६ पट, जवळजवळ दुप्पट होतो. आणि पुतळ्याच्या पावलांशी त्याला उलथवू पाहणारा जो जोर असतो, तो आणखी १.४ ने गुणून सुमारे २.७४ पट होतो. उंचावर वाऱ्याचा वेग वाढतो, तो वेगळाच. शेजारी अरबी समुद्र आहे. तेव्हा आतला पोलादी सांगाडा, चौथरा आणि पाया या सगळ्यांची आकडेमोड पुन्हा करणे भाग होते. बाबासाहेबांचा पुतळा कोणी अंदाजपंचे उभा करावा असे आम्ही म्हणणार नाही. तो शंभर वर्षे वादळात उभा राहिला पाहिजे.

पण इथेच खरा प्रश्न सुरू होतो. नव्या आकडेमोडीला किती दिवस लागले? सुधारित नकाशे कोणत्या तारखेला मागवले, कोणत्या तारखेला आले, कोणी तपासले, किती वेळा परत पाठवले? हे काम चालू असताना सभागृह, ग्रंथालय, वाहनतळ यांची कामे कोणत्या वेगाने झाली? त्यांचा पुतळ्याच्या उंचीशी काय संबंध होता? उंची वाढवण्याचा निर्णय हे एका तुकड्याचे कारण आहे. ते सगळ्या वर्षांवर पांघरूण म्हणून घालता येणार नाही. ‘कारण आहे’ आणि ‘त्या कारणामुळे इतके दिवस गेले’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरे सिद्ध करावे लागते.

आणि इथे आपणही आपल्याकडे पाहिले पाहिजे. उंची वाढली तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी स्वागत केले, पेढे वाटले. ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी त्याच महिन्यात, हा पैसा वाडिया रुग्णालयाला द्या, अशी वेगळी भूमिका घेतली. पुतळा मोठा असावा की अभ्यासकेंद्र मोठे असावे, हा वाद चळवळीत आहे आणि त्यात आम्ही आज शिरत नाही. पण उंचीच्या बाजूने असलेल्यांनी आणि विरोधात असलेल्यांनी, दोघांनीही तेव्हा एक प्रश्न विचारला नाही, की या बदलाने काम नेमके किती दिवस लांबेल आणि ते लेखी कोण देणार?

तिसरा आणि चौथा तुकडा

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. मजूर गावी गेले, काही जण चालत गेले. हा काळ कोणाच्याही हाताबाहेरचा होता हे मान्य. पण त्यालाही माप आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने १३ मे २०२० च्या परिपत्रकात सरकारी करारांना या कारणासाठी तीन ते सहा महिन्यांची मुदतवाढ सुचवली होती. परिपत्रक केंद्राचे होते, तरी त्यावरून अंदाज येतो. कोरोनाच्या नावावर महिने टाकता येतील, वर्षे टाकता येणार नाहीत.

पुढचा तुकडा प्रतिकृतीचा. २०२२ साली राज्याचे मंत्री गाझियाबादच्या कारखान्यात २५ फुटी प्रतिकृती पाहायला गेले. तिच्याबद्दल चळवळीतूनही आक्षेप आले. बाबासाहेबांचा चेहरा बाबासाहेबांसारखाच हवा, हा आग्रह शंभर टक्के रास्त आहे. पण प्रतिकृतीला मान्यता देण्याची तारीख मूळ कार्यक्रमात कोणती होती? मान्यता देणाऱ्या समितीची बैठक कधी झाली आणि निर्णय किती दिवसांनी कळवला? तो उशीर जनतेच्या आक्षेपाचा की समितीच्या फायलीचा?

या चार तुकड्यांनंतर जे दिवस उरतील, ते उरलेले दिवस कंत्राटदाराचे असू शकतात. असू शकतात, असे आम्ही जाणूनबुजून म्हणतो. कागद पाहिल्याशिवाय कोणावर आरोप करणे हे वकिलाचे काम नाही आणि आंबेडकरी माणसाचेही नाही.

नोंद ज्याची, न्याय त्याचा

आमच्या वकिलीतला एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आपल्याच समाजातला एक तरुण पक्षकार आला. पदविका घेतलेला, छोटा नोंदणीकृत कंत्राटदार. एका जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहाची इमारत बांधण्याचे काम त्याला मिळाले होते. पाया खोदला तेव्हा खाली काळी माती लागली, नकाशात धरलेला मुरूम खूप खाली निघाला. काम थांबले. पायाचा नवा नकाशा यायला चार महिने गेले. इमारत उशिरा झाली आणि कार्यालयाने शेवटच्या बिलातून दंड कापला.

‘वकीलसाहेब, काम मी लांबवलं नाही हो,’ तो म्हणाला.

आम्ही विचारले, ‘पत्र दिलं होतंस का?’

त्याने पिशवीतून पत्रे काढली. तीन होती, तिन्हींवर आवक शिक्का होता. साइटवर एक हिंड्रन्स रजिस्टर असते, म्हणजे कामातल्या अडथळ्यांची नोंदवही. अडथळा कधी सुरू झाला, कधी संपला, हे त्यात लिहून दोघांनी सही करायची असते. त्यात कनिष्ठ अभियंत्याने पायाच्या नकाशाची नोंद केलेली होती. त्या नोंदीवर कापलेला बहुतेक दंड परत मिळाला. पण त्या चार महिन्यांत बसून राहिलेल्या मिक्सरचे भाडे आणि वॉचमनचा पगार त्याला मिळाला नाही. का? भाड्याच्या पावत्या नव्हत्या, हजेरीपत्रक नव्हते. खर्च खरा होता, पण त्याचा कागद नव्हता.

मोठ्या कंत्राटदारांकडे हे कागद सांभाळायला वेगळी माणसे असतात. काम सुरू झाल्याच्या दिवसापासून ते दाव्याची फाईल बांधत असतात. आपला छोटा कंत्राटदार, आपली मजूर सहकारी संस्था मात्र तोंडी आश्वासनावर काम करते आणि दंड भरते. चूक तीच, उशीर तोच. एकाला मुदतवाढ आणि भाववाढ, दुसऱ्याला वजावट. ही विषमता कोणत्याही करारात लिहिलेली नाही, ती नोंदवहीतून येते.

कायदा काय म्हणतो?

करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, मुदतीला महत्त्व असलेल्या करारात काम मुदतीत झाले नाही आणि तरीही तुम्ही ते उशिरा स्वीकारले, तर स्वीकारतानाच ‘भरपाईचा हक्क आम्ही राखून ठेवतो’ अशी सूचना द्यावी लागते. नाही दिली तर नंतर उशिराची भरपाई मागता येत नाही. म्हणून मुदतवाढीचे प्रत्येक पत्र महत्त्वाचे. त्या पत्रात हक्क राखून ठेवला आहे की नुसतीच ‘मंजूर’ अशी सही आहे? एका ओळीवर जनतेचे कोट्यवधी रुपये अवलंबून असतात.

दुसरे कलम ७४, दंडाविषयी. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कैलाशनाथ असोसिएट्सच्या प्रकरणात सांगितले की, नुकसान मोजता येण्यासारखे असेल तर ते सिद्ध करावे लागेल. मोजणे कठीण किंवा अशक्य असेल, तेव्हा करारात आधी ठरवलेली रक्कम, ती वाजवी असेल तर, मिळू शकेल. आता विचार करा. पुलाला उशीर झाला तर बुडालेला टोल मोजता येतो. कारखान्याला उशीर झाला तर बुडालेले उत्पादन मोजता येते. स्मारकाला उशीर झाला तर काय बुडाले? दरवर्षी परभणीहून, वाशिमहून, कलबुर्गीहून भाकरी बांधून येणारी म्हातारी माय स्मारक न पाहताच गेली, हे कोणत्या खतावणीत लिहायचे? आपले नुकसान रुपयांत मोजता येत नाही. म्हणूनच करारातली दंडाची तरतूद हे या बाबतीतले एकमेव हत्यार आहे. ते वापरले की म्यानात ठेवले, हे जाणण्याचा आपल्याला अधिकार आहे.

तिसरी गोष्ट दाव्यांची. काम लांबले की मुख्यालयाचा वाढीव खर्च आणि बुडालेला नफा मोजण्यासाठी हडसन, एम्डेन, आयकली अशी सूत्रे वापरतात. मॅकडरमॉटच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने, लवादाला ही सूत्रे वापरता येतात, असे मानले. पण नुसते सूत्रात आकडे घालून बुडालेला नफा मागता येत नाही, पुरावा लागतो, असे २०२३ साली युनिब्रोसच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावले. म्हणजे शासनाकडे स्वतःच्या नोंदी चोख असतील तर फुगवलेला दावा टिकत नाही. नोंदी नसतील तर कंत्राटदाराचीच फाईल लवादापुढे एकमेव पुरावा ठरते. मग काम संपल्यावर, उद्घाटनाची फुले वाळल्यावर, कोट्यवधींचा निवाडा येतो आणि त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत छापली जाते. तो पैसा शिष्यवृत्तीचा असू शकतो, वसतिगृहाचा असू शकतो.

बाबासाहेबांची पद्धत

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे, वीज आणि केंद्रीय बांधकाम खाते हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर आणि हिराकूड योजनांचा पाया त्या काळातला. केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग १९४५ साली त्यांच्याच कारकिर्दीत उभा राहिला, कारण नदीचे काम घोषणेने होत नाही, त्याला कायमचे तांत्रिक ज्ञान आणि आकडे लागतात, हे त्यांना कळत होते. त्याच बाबासाहेबांच्या स्मारकाला आकड्यांशिवाय नुसत्या तारखा मिळाव्यात, ही शोकांतिका नाही काय?

आता करायचे काय?

माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम २ (ञ) प्रमाणे नागरिकाला केवळ कागदाची प्रत नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. आमची सूचना अशी की, ‘स्मारक कधी होणार’ असे विचारणारा अर्ज कोणी करू नये. त्याला पुन्हा तारीखच मिळेल. अर्जात नेमके कागद मागा. एक, कामाचा मूळ कार्यक्रम आणि त्यानंतरचा प्रत्येक सुधारित कार्यक्रम. दोन, नकाशे मागवल्याच्या, आल्याच्या आणि मंजुरीच्या तारखांची नोंदवही. तीन, हिंड्रन्स रजिस्टरची प्रत. चार, मुदतवाढीचे सर्व अर्ज आणि मंजुरीची पत्रे. पाच, दिलेली भाववाढ, लावलेला दंड आणि कंत्राटदाराने मागितलेले दावे, रकमेसह. सहा, मजुरांची हजेरी आणि बांधकाम कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर भरल्याच्या पावत्या. मुदतवाढीचा खर्च कंपनी मागू शकते. काम बंद राहिलेल्या दिवसांचा रोज मात्र त्या मजुराला कोण देतो, हेही कळले पाहिजे. व्यापारी गोपनीयतेचे कारण पुढे केले, तर त्याच कायद्यात व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची तरतूद आहे. अपिलात जा.

हे आपल्याला जमणार नाही असे कोणी म्हणू नये. १ जुलै २०२४ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर भूमिगत वाहनतळाच्या खोदकामाने स्तूपाला धोका होईल, या चिंतेने जनता उतरली आणि शासनाला त्या कामाला स्थगिती द्यावी लागली. तो प्रश्न अभियांत्रिकीचाच होता आणि तो सामान्य उपासक-उपासिकांनी विचारला होता. फरक इतकाच की, तिथे प्रश्न खड्डा खोदल्यावर विचारला गेला. तो नकाशाच्या टप्प्यावर विचारता आला असता, तर खोदणेही टळले असते आणि थांबवणेही.

आपल्या समाजात आज बांधकाम खात्यातून, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. बानाईसारख्या संघटना आहेत. न्यायालयात उभे राहणारे वकील आहेत. या मंडळींनी वर्षातून एक जयंतीचे भाषण कमी करावे आणि सहा जणांची एक समिती बसवून हे कागद वाचावेत. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा उशीर कोणाचा, असा एक पानी तक्ता तयार करावा आणि तो चैत्यभूमीवर वाटावा. त्यात शासनाचे दिवस लिहावेत, कंत्राटदाराचे लिहावेत, महामारीचे लिहावेत. आपल्यामुळे काही दिवस गेले असतील तर तेही लिहावेत. तसा तक्ता हातात असेल, तर पुढच्या वेळी तारीख सांगणाऱ्याला कोणी टाळ्या देणार नाही आणि कोणी नुसत्या घोषणाही देणार नाही. त्याला तक्ता दाखवून विचारता येईल, ‘साहेब, यातले तुमचे दिवस कोणते?’

जयभीम!